जुन्या मोटारीचा खटका

धारवाडच्या सुभाष रोडवर संध्याकाळी पायी हिंडणारा मनुष्य सहसा काही ना काही शोधीत असतो. कोणी लग्नासाठी लुगडे शोधतो, कोणी मुलांच्या वह्या-पुस्तके. वाचनाचा नाद असलेला एखादा ‘मनोहर ग्रंथमाला’ या १९३३ साली निघालेल्या कानडी प्रकाशनसंस्थेच्या सुप्रसिद्ध ‘अट्ट्या’कडे, म्हणजे माळ्याकडे, डोकावून जातो. गेल्या श्रावणात आम्ही त्या रस्त्याने आठवडाभर हिंडलो ते एका खटक्यासाठी. खटका हा आपला जुना व चांगला शब्द आहे. परंतु दुकानात तो उच्चारला तर कोणास समजत नाही. आम्ही घरी कोकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवितो आणि बाजारात कानडीत व्यवहार करितो. पण या वस्तूचे नाव तिन्ही भाषांत ‘स्विच’ एवढेच उरले आहे.

हा खटका आमच्या तीर्थरूपांनी १९८८ साली घेतलेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचा. स्टिअरिंगच्या खांबालगत एक कांडी असते; ती फिरविली की पुढचे दिवे लागतात, खाली-वर केली की प्रकाशझोत दूरचा अथवा जवळचा होतो. कांडी शाबूत होती, आतले काम मात्र संपले होते. ती हलवावी तेव्हा कधी दिवे लागत, कधी न लागत. दुकानदारांनी एकमुखाने सांगितले, “ही गाडी आता येत नाही, तिचा माल येत नाही.” एका कारागिराने तोड सुचविली: घरात भिंतीवर असतो तसला पांढरा खटका डॅशबोर्डाखाली बसवावा आणि दिव्यांची तार त्यातून घ्यावी. खर्च अल्प, काम अर्ध्या तासाचे. आम्ही रुकार दिला. चवथ जवळ आली होती व कारवारास जाणे भाग होते.

यल्लापूर ओलांडून अंकोल्याकडे जाताना अरबैलचा घाट लागतो. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस धरून होता. मागे आमच्या मातोश्री व दोन मुले बसली होती. तिसऱ्या-चौथ्या वळणावर जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, आणि पुढच्याच क्षणी दोन्ही दिवे एकदम गेले. घाटातल्या काळोखाची कल्पना शहरात राहणाऱ्यास येणार नाही. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी एवढेच ठाऊक होते. वळण कोठे सुरू होते ते मात्र दिसत नव्हते. मागून एक मालमोटार येत होती. तिच्या उजेडात आम्ही गाडी डोंगराच्या कडेस घेतली. मालमोटारीचा चालक खाली उतरला, त्याने डॅशबोर्डाखाली हात घालून वितळलेला खटका काढून फेकला, दोन तारा पिळून एकत्र केल्या आणि म्हणाला, “माझ्या मागून या.” घाटाच्या पायथ्यापर्यंत आम्ही त्याच्या मागील तांबड्या दिव्यांवर दृष्टी ठेवून उतरलो. त्याचे नाव विचारण्याचे राहून गेले.

घरी परतल्यावर आम्ही विचार केला की हे घडले का? घरातला खटका घरात वीस वर्षे टिकतो. मोटारीत तो तीन आठवडेही टिकू नये याचे कारण काय? आम्ही कला शाखेचे पदवीधर. विजेशी आमचा परिचय शालेय पुस्तकापुरताच. परंतु नववीच्या पुस्तकात जे आहे तेवढ्यानेच याचे उत्तर मिळते, ही गोष्ट आम्हांस फार आश्चर्याची वाटली, आणि म्हणूनच हा लेख.

मोटारीतील विद्युत्‌घटाचा दाब बारा व्होल्ट असतो. दिव्याची शक्ती वॅटमध्ये मोजतात. वॅटला व्होल्टने भागले म्हणजे प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. आजच्या साध्या मोटारीच्या पुढच्या दिव्यावर ६०/५५ असा आकडा असतो. म्हणजे दूरच्या झोतास ६० वॅट, जवळच्या झोतास ५५. साठाला बाराने भागा: पाच अँपिअर. दिवे दोन, म्हणून दहा. आता घरातील साठ वॅटचा जुना दिवा घ्या. तेथील दाब सुमारे २३० व्होल्ट. प्रवाह पाव अँपिअरहून किंचित अधिक. शक्ती तीच, परंतु मोटारीच्या खटक्यातून जाणारा प्रवाह घरच्या खटक्यातील प्रवाहाच्या जवळजवळ वीसपट! भिंतीवरचा सामान्य खटका सहा अँपिअरचा असतो. त्यात भर म्हणून आम्ही पूर्वी कधीतरी, अधिक उजेड पडावा या हौसेने, १००/९० वॅटचे दिवे बसवून घेतले होते. घाटात जवळचा झोत चालू होता. दोन दिव्यांचे १८० वॅट, म्हणजे पंधरा अँपिअर. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सहाच्या जागी पंधरा, म्हणजे प्रवाह अडीचपट. उष्णता मात्र सव्वासहापट. प्लॅस्टिक वितळले नसते तरच नवल.

याखेरीज एक कारण असे आहे की ते आम्हांस प्रथम पटलेच नाही. घरातील वीज प्रत्यावर्ती असते. सेकंदास पन्नास आवर्तने, म्हणून शंभर वेळा तिचा प्रवाह शून्यावर येतो. खटका बंद करताना त्याच्या दोन पत्र्यांमध्ये जी ठिणगी उडते ती या शून्याच्या क्षणी विझते. मोटारीतील वीज एकाच दिशेने अखंड वाहते. तिला असा विसाव्याचा क्षण नाही. ठिणगी रेंगाळते आणि प्रत्येक वेळी पत्र्याचा कणभर धातू जाळते. शिवाय थंड तारेचा विरोध तप्त तारेपेक्षा पुष्कळ कमी असल्यामुळे दिवा लावण्याच्या क्षणी प्रवाह नेहमीच्या सुमारे दहापट उसळतो. तेव्हा खटका विकत घेताना त्यावर किती अँपिअर लिहिले आहेत एवढेच पाहून भागत नाही. ते कोणत्या विजेसाठी लिहिले आहेत हेही वाचावे लागते. ‘१२ व्होल्ट डी.सी.’ असे शब्द नसतील तर तो खटका मोटारीसाठी नव्हे असेच समजावे.

मग मोटारीचाच खटका का मिळेना? यासाठी या मोटारीचे कुल सांगितले पाहिजे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. बंगळूरचा विमानांचा कारखानाही १९४० साली त्यांच्याच पुढाकाराने निघाला, हे आपल्या कर्नाटकातील वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मुंबईजवळ कुर्ल्याच्या कारखान्यात प्रारंभी अमेरिकन बनावटीच्या गाड्या जोडल्या गेल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९६४ पासून येथे फियाट ११०० डी ही गाडी बनू लागली आणि १९७४ मध्ये तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. चितोडच्या राणीचे नाव इटालियन आराखड्याच्या, १०८९ घन सेंटिमीटर इंजिनाच्या गाडीस शोभले की नाही हा प्रश्न आम्ही इतिहासाच्या शिक्षकांवर सोपवितो. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

उत्पादन थांबले तरी सुटे भाग मिळत राहिले, आणि त्याचे श्रेय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींना द्यावयास हवे. टॅक्सी दिवसभर धावते, तिचे सर्व काही लवकर झिजते. म्हणून ऑपेरा हाऊसच्या परिसरातील आणि कुर्ल्याच्या दुकानांत पद्मिनीच्या मालास गिऱ्हाईक असे, आणि गिऱ्हाईक असेल तेथवर लहानसहान कारखानदार माल बनवीत राहतात. आपल्यासारख्या दूरच्या गावातील खासगी गाड्या त्या टॅक्सींच्या पुण्याईवर चालत होत्या म्हणा ना! मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरविलेले आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली. ज्या वस्तूसाठी हजारो गिऱ्हाइके येत त्या वस्तूसाठी आता आमच्यासारखा एखादा येतो. दुकानदाराने तरी तो माल कोणासाठी ठेवावा?

अशा वेळी ‘हीच वस्तू द्या’ असे म्हणून चालत नाही. ‘हिचे काम करील अशी वस्तू द्या’ असे म्हणावे लागते. पण तसे म्हणण्यापूर्वी तिचे काम नेमके काय हे आपणांस ठाऊक हवे. आम्हांस ते ठाऊक नव्हते, हे मान्य करतो. सुभाष रोडवरील एका दुकानी आमच्या खटक्यासारखाच दिसणारा, बैठकीच्या भोकांचे अंतरही जुळणारा, दुसऱ्या कोणत्या तरी गाडीचा एक खटका अखेर मिळाला होता. तो आम्ही आनंदाने आणला. घाटातील अनुभवानंतर मात्र तो गाडीत बसविण्याचे धैर्य होईना. म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर जुना व नवा असे दोन्ही खटके, स्कूटरची एक जुनी बॅटरी आणि पाच वॅटचा एक छोटा दिवा घेऊन आम्ही नववीच्या काही मुलांसह प्रयोगशाळेत बसलो.

कृती अगदी सोपी आहे. बॅटरीच्या एका टोकास दिवा जोडावा; दिव्याची मोकळी तार खटक्याच्या एका पायास लावावी; बॅटरीच्या दुसऱ्या टोकाची तार दुसऱ्या पायास. आत ते दोन पाय जोडलेले असतील तर दिवा लागतो. अशा रीतीने प्रत्येक पायाची प्रत्येक दुसऱ्या पायाशी, आणि कांडीच्या प्रत्येक स्थितीत, परीक्षा घ्यावी. आमच्या जुन्या खटक्यास पाच पाय होते. पाचांच्या जोड्या दहा होतात. कांडीच्या स्थिती पाच. म्हणजे पन्नास वेळा दिवा लावून पाहणे आले. मुलांनी फळ्यावर कोष्टक आखले व पाऊण तासात ते भरले.

त्या कोष्टकातून खटका बोलू लागला. दिवे बंद असताना कोणताच पाय कोणाशी जोडलेला नव्हता. कांडी एक घर फिरविली की पहिला पाय दुसऱ्याशी जुळे. ते बाजूचे लहान दिवे. आणखी एक घर फिरविली की पहिला, दुसरा व तिसरा एकत्र होत. तो जवळचा झोत. कांडी खाली दाबली की तिसऱ्याच्या जागी चौथा येई, तो दूरचा. पाचवा पाय मात्र कोठेच जुळेना. मुलांनी त्यास ‘रिकामा’ असे नाव देऊन टाकले होते. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने कांडी सहज स्वतःकडे ओढली आणि दिवा लागला! कांडी ओढून धरली असता पाचवा पाय चौथ्यास मिळत होता. सोडताच सुटत होता. समोरच्या वाहनास क्षणभर प्रकाश दाखवून सूचना देतात ती सोय ही. मुख्य दिवे बंद असतानाही ती चालावी म्हणून पाचव्या पायास बॅटरीतून स्वतंत्र तार येते. काही कांड्या जेथे ठेवाव्या तेथे राहतात, काही हात काढताच परत येतात. भोंग्याचे बटण दुसऱ्या जातीचे. हा भेद बाहेरून दिसत नाही, कोष्टकात दिसतो.

आता दुकानातून आणलेला नवा खटका. दिसावयास तो जुन्याचा जुळा भाऊ. पाय पाच. परंतु परीक्षेत निराळीच गोष्ट निघाली. त्याचा एक पाय आतून खटक्याच्या धातूच्या बैठकीशी जोडलेला होता. बैठक स्क्रूने गाडीस बसते, म्हणजे तो पाय गाडीच्या सांगाड्याशी जोडला जाणार. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोटारीत परतीच्या तारेचे काम गाडीचा लोखंडी सांगाडाच करितो. बॅटरीचे ऋण टोक त्यास बांधलेले असते. दिव्याचा खटका दोन ठिकाणी ठेवता येतो: बॅटरी आणि दिवा यांच्यामध्ये, किंवा दिवा आणि सांगाडा यांच्यामध्ये. पहिल्या रीतीत खटका दिव्यास वीज देतो; दुसऱ्या रीतीत वीज दिव्यापाशी आधीच येऊन थांबलेली असते आणि खटका तिला परतीची वाट मोकळी करून देतो. आमची गाडी पहिल्या रीतीची. अनेक जपानी गाड्यांत पुढच्या दिव्यांसाठी दुसरी रीत असते, आणि भोंग्यासाठी तर ती बहुतेक गाड्यांत आढळते. दुसऱ्या रीतीचा खटका पहिल्या रीतीच्या गाडीत बसविला असता तर बॅटरीची तार थेट सांगाड्यास भिडली असती. मध्ये फ्यूज असेल तर तो जळतो; नसेल तर तार जळते. घाटातल्या त्या तात्पुरत्या तारेत फ्यूज नव्हताच, हे येथे सांगितले पाहिजे. आम्ही थोडक्यात वाचलो होतो.

खटके असे फसवे असले तरी त्यांवर काही खुणा असतात. जर्मनीत मोटारीच्या विद्युत्‌जोडण्यांसाठी आकड्यांची एक प्रमाणपद्धती ठरलेली आहे आणि ती जर्मनीबाहेरही पुष्कळ रूढ झाली. ३० म्हणजे बॅटरीतून थेट येणारी, सदैव जागी तार, १५ म्हणजे किल्ली फिरविल्यावर जागी होणारी, ३१ म्हणजे सांगाडा, ५० स्टार्टरची, ५६अ दूरचा झोत, ५६ब जवळचा, ५८ बाजूचे दिवे. ब्रिटिश कुळातील गाड्यांत, ज्यांत मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली आपली ॲम्बॅसडर येते, आकड्यांऐवजी तारांच्या रंगांवर भर: तपकिरी सदैव जागी, पांढरी किल्लीनंतरची, निळी पुढच्या दिव्यांची, तांबडी बाजूच्या दिव्यांची, काळी सांगाड्याची. परंतु तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत मधल्या काळी कोणा कारागिराने हाताशी असेल त्या रंगाची तार जोडलेली असण्याचा संभव फार. म्हणून रंग पाहावा, पण साक्ष दिव्याची घ्यावी.

मारुतीसारख्या गाडीचा प्रश्न त्यामानाने सुलभ आहे. मारुती ८०० ही १९८३ च्या डिसेंबरात बाहेर पडली व २०१४ मध्ये बंद झाली. तिच्या भागांवर सुझुकीच्या पद्धतीचा क्रमांक असतो. त्यातील पहिले पाच आकडे तो भाग कोणत्या प्रकारचा हे सांगतात आणि पुढचे तो कोणत्या नमुन्यासाठी हे. पहिले पाच जुळले म्हणून उडी मारू नये. एकाच नावाच्या गाडीत सालागणिक जोडणीचे पाय बदललेले असतात. दुकानात जाताना गाडीचे नाव सांगण्यापेक्षा जुना भाग खिशात घालून नेणे केव्हाही श्रेयस्कर. अगदी अलीकडच्या गाड्यांचा तर मार्गच निराळा. तेथे कांडी स्वतः दिवा लावीत नाही. ती एका छोट्या संगणकास केवळ संदेश देते आणि दिवा तो लावतो. तेथे दिवा-बॅटरीची आमची परीक्षा चालणार नाही, किंबहुना नुकसानच होईल. आणि ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये अपघातात फुगणारी हवेची उशी बसविलेली असते तेथे पिवळ्या वेष्टनातील तारांस हौशी माणसाने हातही लावू नये.

आमच्या गाडीत संगणक नाही, उशी नाही. तिची विद्या जुन्या वळणाची. तेव्हा पुढे काय केले ते सांगतो. नवा खटका परत केला. जुना मात्र, कोष्टकाने दाखविल्याप्रमाणे, मेलेला नव्हता; दुसरा, चौथा व पाचवा पाय ठीक होते, फक्त तिसऱ्याशी दिवा मिणमिणे. त्याची रिव्हेटे काढून तो उघडला तेव्हा आत तांब्याच्या पट्ट्या व एक स्प्रिंग निघाली. तिसऱ्या पट्टीवर काजळी धरली होती व मध्यभागी खड्डा पडला होता. पस्तीस वर्षांच्या ठिणग्यांचा हा हिशेब. बारीक पॉलिश कागदाने पट्टी घासली, स्प्रिंगेस किंचित ताण दिला आणि रिव्हेटांच्या जागी बारीक स्क्रू घातले. हे काम आमच्याच्याने झाले नाही, पालकांपैकी एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी ते केले, आणि केल्यावर म्हणाले, “हे पुन्हा जळेल. याच्यावर ओझे फार आहे.”

त्यांचे ते वाक्य आमच्या मनात राहिले. आपण सारा वेळ ओझे पेलणारा खटका शोधीत होतो. पण ओझेच काढून घेतले तर? याची युक्ती जुनीच आहे आणि तिचे नाव रिले. रिले म्हणजे विजेने चालणारा खटका. एका लहान डबीत तारेचे वेटोळे असते; त्यातून प्रवाह गेला की ते लोहचुंबक होते व एक पत्रा ओढून घेते; तो पत्रा दिव्याची जाड वाट जोडतो. डबीस चार पाय: ८५ व ८६ वेटोळ्याचे, ३० बॅटरीकडचा, ८७ दिव्याकडचा. वेटोळ्याचा विरोध साधारण ऐंशी ओहम धरला तर बारा व्होल्टवर त्यातून दीडशे मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा सहावा हिस्सादेखील जात नाही. जो खटका दहा अँपिअर वाहत होता त्याने आता एवढेच वाहावयाचे. जाड प्रवाह बॅटरीतून फ्यूजद्वारा रिलेत आणि तेथून थेट दिव्यात जातो. वाट आखूड झाल्यामुळे दिवाही अधिक उजळ लागतो. शंभर वॅटचे दिवे काढून पुन्हा ६०/५५ चे बसविले, आणि खरे सांगावयाचे तर उजेड पूर्वीपेक्षा कमी वाटला नाही. तारेत जो दाब वाया जात होता तो दिव्यास मिळू लागला एवढेच.

दूरच्या झोतास एक व जवळच्यास एक असे दोन रिले आणि त्यांच्यासाठी पंधरा अँपिअरचे दोन फ्यूज सुभाष रोडवर पहिल्याच दुकानी मिळाले. ते कोणत्याही गाडीचे चालतात. गंमत अशी की, ओझे कमी होताच ‘जुळणाऱ्या’ खटक्यांची संख्याही एकाएकी वाढली. उद्या जुनी कांडी पुरती मोडली तरी पायांचे कोष्टक पुरे करील असा कोणताही बारा व्होल्टचा चांगला खटका आम्हांस चालेल. मग तो ट्रॅक्टरचा असो वा रिक्षाचा. अँपिअरची अट जवळजवळ उठली, उरली ती जोडणीची आणि बैठकीची. बैठक लोहाराकडूनही करून घेता येते.

रिले घेताना एक बाब पाहावी. काही रिलेंच्या वेटोळ्यास डायोड जोडलेला असतो. त्यात ८५ आणि ८६ यांची अदलाबदल चालत नाही. ब्रिटनमधील मोटारींत १९६० च्या दशकापर्यंत पुष्कळदा बॅटरीचे धन टोक सांगाड्यास बांधीत. तशी एखादी फार जुनी गाडी कोणाच्या घरी असेल तर साध्या खटक्यास काही फरक पडत नाही, परंतु असा रिले अथवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर तेथे बिघडेल. फ्लॅशर म्हणजे वळण्याची खूण देणारे दिवे लुकलुकविणारी डबी. तिच्यावर ‘२१ वॅट × २’ असे लिहिलेले असते. जुन्या धर्तीची डबी दिव्याच्या प्रवाहाने तापून चालते, म्हणून एकवीस वॅटच्या जागी कमी प्रवाह घेणारा एल.ई.डी. दिवा लावला तर ती भलत्याच वेगाने लुकलुकते किंवा मुळीच लुकलुकत नाही. तेथे दोष दिव्याचा नसतो, डबीचाही नसतो. दोघांची जोडी जमलेली नसते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही त्याच घाटाने पुन्हा गेलो, आणि मुद्दामच संध्याकाळी. जेथे दिवे गेले होते त्या वळणावर मातोश्रींनी हात जोडले. आम्ही डॅशबोर्डाखाली हात घालून रिलेच्या डब्या चाचपल्या. कोमट होत्या, तापलेल्या नव्हत्या. मुलांनी तयार केलेल्या कोष्टकाची एक प्रत गाडीच्या कप्प्यात ठेवलेली आहे. पुढे जो कोणी कारागीर त्या तारांस हात लावील त्यास ती दाखविता येईल.

पावसाळ्यापूर्वी एक काम मात्र उरले आहे. वायपरचा खटका अद्याप मिळालेला नाही, आणि त्याचा प्रश्न दिव्याच्या खटक्याहून थोडा अवघड आहे. वायपर बंद केल्यावर काचेच्या मध्येच न थांबता खाली येऊन निजतो. याचा अर्थ खटका बंद झाल्यावरही मोटरला थोडा वेळ वीज मिळत असते. ती वीज मोटरमधील एका चकतीवरून वेगळ्या तारेने येते आणि खटक्याच्या ‘बंद’ स्थितीत ती तार मोटरच्या तारेस जोडलेली असावी लागते. म्हणजे येथे ‘बंद’ हीसुद्धा एक जोडणीच आहे. साधा खटका लावून आम्ही पाहिले: पाती काचेच्या मधोमध उभी राहिली. आम्हांस तीन पायांचा, बारा व्होल्टचा, ‘बंद’ असताना दुसरा व तिसरा पाय जुळणारा आणि ‘चालू’ असताना पहिला व दुसरा जुळणारा खटका हवा आहे. कोणा पालकांच्या अडगळीत जुन्या मोटारीचा, मेटॅडोरचा अथवा जीपचा असा खटका पडून असेल तर त्यांनी तो मुलांबरोबर शाळेत पाठवावा. दिवा व बॅटरी प्रयोगशाळेत तयार आहेत.